संदेष्टे मंडळीला कशासाठीं दिले?

शास्त्रपाठ : इफिस. ४:७-१६, प्रे. कृत्यें ११:१९-३०, १३:१-३, १५:३०-३३ व २१:८-१४, १ करिंथ. १४



प्रभु येशू स्वर्गीं गेल्यावर त्यानें आपल्या मंडळीला दानें दिलीं असें पौल इफिस येथील विश्वासणाऱ्यांस लिहितो. तीं दानें म्हणजे सोनेंनाणें नव्हे. तीं माणसें होत. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक अशीं नांवें तो एकामागून एक घेतो. यांपैकीं पाळक आपल्या परिचयाचा आहे, शिक्षकही आहे, आणि खांद्यावर पेटी घेऊन वाडीवाडीला फिरणारा सुवार्तिक आपल्या वडील माणसांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. पण संदेष्टा म्हटलें कीं यशया, यिर्मया, आमोस हेच आपणांस आठवतात. नव्या कराराच्या मंडळ्यांतही संदेष्टे होते, ते उपासनेच्या वेळीं उठून बोलत व लोक त्यांचें ऐकत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

याला शब्दही थोडासा कारण आहे. 'भविष्यवादी' हा शब्द आपल्यांत फार दिवसांपासून चालत आलेला आहे. तो कानीं पडतांच पंचांग मांडून बसलेला जोशी, पहांटे कंदील घेऊन दारीं येणारा पिंगळा, किंवा अंगांत आल्यावर घुमून उत्तरें देणारा देवऋषी डोळ्यांपुढें उभा राहतो. 'संदेष्टा' हा शब्द अधिक बरा; ज्याच्या जवळ दुसऱ्यानें दिलेला निरोप आहे तो संदेष्टा. तथापि नांव बदललें म्हणून मनांतलें चित्र लगेच बदलतें असें नाहीं.

कांहीं महिन्यांपूर्वीं माझ्याकडे असलेल्या मंडळ्यांपैकीं एका वाडीवर एक पाहुणे आले. आपण संदेष्टा आहों असें त्यांनीं सांगितलें. हातीं शास्त्र होतें, वाणी गोड होती, प्रार्थनाही ते तळमळीनें करीत. पहिल्या रात्रीं लोकांस समाधान वाटलें. दुसऱ्या रात्रीं एका बाईनें आपल्या आजारी मुलाविषयीं विचारलें, तेव्हां त्यांनीं डोळे मिटून सांगितलें कीं, हें दुखणें शेजारच्या घरांतून आलेलें आहे. तें शेजारचें घरही आपल्याच मंडळीचें. तिसऱ्या दिवशीं बाईनें शेळी विकून आलेले पैसे त्यांच्या हातावर ठेविले आणि ते पुढच्या गांवीं गेले. मुलाला हिवताप होता; दवाखान्यांतल्या गोळ्यांनीं तो बरा झाला. परंतु एकाच भाकरीचे व एकाच प्याल्याचे विभागी असलेलीं तीं दोन घरें एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाऊं लागलीं. तेथील उपदेशकानें मला विचारलें, "पाळकसाहेब, नव्या करारांतले संदेष्टे असेच होते काय? नसतील, तर कसे होते?" मीं त्याला रस्त्यांत उभ्या उभ्या जें उत्तर दिलें तें मलाच पुरेसें वाटलें नाहीं. म्हणून हा पाठ.

आपण अंत्युखियास जाऊं. सूरिया प्रांतांतील हें शहर रोम व आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल मोठें होतें. छळामुळें पांगलेल्या लोकांनीं तेथें हेल्लेणी लोकांस सुवार्ता सांगितली, आणि शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम तेथेंच पडलें. ह्या नव्या, बहुधा विदेशी लोकांच्या मंडळींत यरुशलेमेहून कांहीं संदेष्टे आले. त्यांत अगब नांवाचा एक होता. त्यानें उभें राहून आत्म्याच्या प्रेरणेनें सांगितलें कीं, मोठा दुष्काळ पडणार आहे. लूक म्हणतो, तो क्लौद्याच्या वेळीं पडला. क्लौद्य कैसरानें सन ४१ पासून ५४ पर्यंत राज्य केलें. योसेफस ह्या यहूदी इतिहासकारानेंही ह्या काळांतील यहूदीयाच्या दुष्काळाविषयीं लिहून ठेविलें आहे. अदियाबेनी देशाची राणी हेलेना हिनें यरुशलेमेंतील उपाशी लोकांसाठीं मिसरांतून धान्य व कुप्रांतून सुके अंजीर विकत आणविले, असें तो सांगतो. हा काळ सन ४६ ते ४८ च्या सुमाराचा धरतात.

आतां मंडळीनें काय केलें इकडे लक्ष द्या. दुष्काळ येणार असें कळल्यावर माणूस साधारणतः काय करतो हें १९७२ साल ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको. कणगी आधीं आपली भरावी, पेव झांकून ठेवावें, आणि जाणत्याला विचारावें कीं, आमच्या घरावर किती येईल? अंत्युखियाच्या लोकांनीं अगबाला असा एकही प्रश्न विचारल्याचें लूक लिहीत नाहीं. ज्याला जसें साधेल तसें प्रत्येकानें यहूदीयांतील बांधवांसाठीं पाठवावें असें त्यांनीं ठरविलें, आणि बर्णबा व शौल यांच्या हातीं तें तेथील वडिलांकडे पोंचतें केलें. अगबानें वर्गणी गोळा केली नाहीं, रक्कम सांगितली नाहीं, पैशाला हातही लावला नाहीं. त्यानें निरोप दिला आणि तो बाजूला झाला. पुढचें काम मंडळीनें केलें. ज्या यहूदी बांधवांपैकीं कित्येकांना विदेशी लोकांबरोबर जेवावयास बसणेंही जड जात होतें, त्यांच्या मुलांच्या तोंडीं विदेशी मंडळीनें घास घातला. मला तर अगबाच्या भविष्याहून हेंच मोठें वाटतें.

हीच गोष्ट पौल इफिसकरांस सांगतो. हीं माणसें देण्याचा हेतु त्यानें ज्या शब्दानें दाखविला तो मूळ ग्रीक शब्द 'कतार्तिस्मॉस' असा आहे. ह्याच धातूचें क्रियापद मार्काच्या पहिल्या अध्यायांत आलें आहे. याकोब व योहान तारवांत बसून जाळीं नीट करीत होते तेथें तें आढळतें. निखळलेलें हाड जागीं बसविण्यासाठींही ग्रीक वैद्य हाच शब्द वापरीत. फाटलेलें जाळें मासे धरीत नाहीं. निखळलेला खांदा ओझें उचलीत नाहीं. जाळें सांधणारा स्वतः जाळ्याच्या ऐवजीं पाण्यांत शिरत नाहीं, आणि हाड बसविणारा रोग्याचें ओझें जन्मभर आपल्या डोक्यावर घेत नाहीं. पवित्र जनांस त्यांच्या सेवेसाठीं तयार करावें, म्हणून हीं दानें आहेत. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत येथें एक स्वल्पविराम अशा जागीं पडला आहे कीं, सेवेचें सारें काम पाळकादिकांचेंच असा अर्थ वाटावा. प्राचीन हस्तलेखांत अशीं चिन्हें जवळजवळ नव्हतींच, आणि पौलानें पुढें अंगाचा प्रत्येक सांधा आपापलें काम करतो असें म्हटलें आहे, त्यावरून पहिला अर्थच मला योग्य दिसतो. आपल्या मंडळ्यांत मात्र तो स्वल्पविराम कोणी न छापतांच पक्का बसला आहे! आजाऱ्याला भेटावयाचें कोणी? पाळकानें. प्रार्थना करावयाची कोणी? उपदेशकानें.

अंत्युखियाच्या मंडळींत पुढें पांच संदेष्टे व शिक्षक होते: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, लूक्य कुरेनेकर, मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन, आणि शौल. एक कुप्राचा, एक आफ्रिकेंतील कुरेनेचा, एक राजवाड्यांत वाढलेला, एक पूर्वीं छळ करणारा. ते उपास करून सेवा करीत असतां पवित्र आत्म्यानें सांगितलें कीं, बर्णबा व शौल यांस वेगळे करून द्या. पांचांपैकीं हा शब्द कोणाच्या तोंडून आला तें लूकानें लिहिलें नाहीं. बोलणाऱ्याचें नांव राखावें असें त्याला वाटलें नसावें. ह्या शब्दानें मंडळीचे दोन उत्तम बैल दावणीचे सुटले. मंडळीनें त्यांवर हात ठेविले व त्यांस रवाना केलें.

यहूदा व सीला यांविषयीं थोडक्यांत सांगतों. तेही संदेष्टे होते, पण अंत्युखियास आल्यावर त्यांनीं भविष्य सांगितल्याचें दिसत नाहीं. सभेचें पत्र पोंचवून त्यांनीं पुष्कळ बोलून बंधुजनांस धीर दिला व स्थिर केलें. करिंथकरांसही पौल लिहितो कीं, संदेष्टा बोलतो तो लोकांची उन्नति, बोध व सांत्वन यांसाठीं. शेजाऱ्याकडे बोट दाखवून वैर लावणें ह्या तिहींपैकीं कशांत बसतें, हें वाचकांनींच पाहावें.

अगब आणखी एकदां आपणांस भेटतो. पौल कैसरीयांत फिलिप्पाच्या घरीं उतरला होता. (फिलिप्पाच्या चार कुमारी कन्या संदेश देत असत, हें आपल्या भगिनींनीं अवश्य वाचावें, आणि करिंथ येथेंही स्त्रिया सभेंत संदेश देत, हें पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत आहे.) अगबानें पौलाचा कमरबंद घेऊन आपले हातपाय बांधिले आणि सांगितलें कीं, हा ज्याचा आहे त्याला यरुशलेमेंत असेंच बांधतील. ऐकणारे रडूं लागले व जाऊं नको म्हणाले. पण 'जाऊं नको' हे शब्द अगबाच्या निरोपांत नव्हते. काय होणार तें त्यानें सांगितलें. काय करावें हें पौलानें प्रभूपुढें ठरविलें, आणि तो गेला. देवऋषी माणसाला आपल्यावांचून पाऊल टाकूं देत नाहीं. संदेष्ट्याचें ऐकल्यावर माणूस प्रभूपुढें अधिक मोकळा उभा राहतो.

करिंथ येथें ह्या दानाचा गोंधळ झाला होता. पौलानें तें दान बंद केलें नाहीं. त्यास शिस्त लाविली. दोघांनीं किंवा तिघांनीं बोलावें. इतरांनीं पारख करावी. बसलेल्या दुसऱ्याला कांहीं प्रकट झालें तर पहिल्यानें गप्प बसावें. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात असें त्यानें लिहिलें. अंगांत येणाराचें याच्या नेमकें उलट असतें. "माझ्या स्वाधीन नव्हतें, वारें आलें," असें तो म्हणतो आणि मग त्याला कोणी कांहीं विचारूं शकत नाहीं. ख्रिस्ताचा आत्मा माणसाची शुद्ध हरवीत नाहीं, आणि ऐकणाऱ्यांचीही नाहीं.

प्रेषितांच्या नंतरच्या पिढ्यांना हा प्रश्न आपल्यासारखाच पडला होता. 'बारा प्रेषितांची शिकवण' नांवाचें एक फार जुनें पुस्तक आहे. त्याचा हस्तलेख १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें ब्रायेनियस नांवाच्या विद्वानास सांपडला व १८८३ सालीं छापून निघाला. तें शास्त्र नव्हे, पण खेड्यांतल्या मंडळ्यांसाठींच लिहिलें आहे कीं काय असें वाटतें. फिरत्या प्रेषितानें एक दिवस राहावें, गरज असल्यास दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघतांना त्यानें पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्यांत बोलून जो स्वतःसाठीं मागतो त्याचें ऐकूं नये. पण दुसऱ्या गरजवंतांसाठीं द्या म्हणतो त्याला दोष लावूं नये. मात्र खरा संदेष्टा मंडळींत राहूं इच्छील तर त्याला खळ्यांतलें व द्राक्षकुंडांतलें प्रथमफळ द्यावें. आणि संदेष्टा नसेल तर तें गरिबांना द्यावें. त्या बाईनें व आम्हीं हें आधीं वाचलें असतें तर शेळी गोठ्यांत राहिली असती.

संदेष्ट्यांचें दान प्रेषितांबरोबरच संपलें असें कित्येक थोर शिक्षक मानतात. मंडळीचा पाया प्रेषित व संदेष्टे यांच्यावर एकदांच घातला गेला, आणि शास्त्रांत भर घालणारा कोणी आतां उठणार नाहीं, इतकें मीही धरतों. परंतु आत्म्याला विझवूं नका, संदेशांचा धिक्कार करूं नका, सर्वांची पारख करा, हें थेस्सलनीकाकरांस लिहिलेलें आपण कोणत्या आधारानें पुसावें? आणि येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

त्या पाहुण्यांच्या प्रकरणानंतर मीं उपासनेंत कोणासही मध्यें बोलूं द्यावयाचें नाहीं असें ठरविलें होतें. पावसाळ्यांत एका रविवारीं उपदेश चालू असतां एक अक्षरशत्रु म्हातारी विधवा उठली. मीं हातानें बसा म्हणून खूण केली. ती बसली नाहीं. ती म्हणाली, "आपण इथं देवाच्या घरांत कोरडे बसलोय, आणि ओढ्यापलीकडं आपल्याच माणसाची भिंत बसून चार दिवस झाले. कोण गेलं?" कोणी गेलें नव्हतें. मीही नाहीं, आणि मला तें ठाऊक होतें. मला राग आला हें मी लपवीत नाहीं. उपदेश मीं घाईनें आटोपला. पण आशीर्वादानंतर लोक घरीं न जातां ओढ्याकडे वळले. कोणी बांबू आणले, कोणी जुने पत्रे, बायकांनीं पीठ व सरपण नेलें. पाळकानें कोणास कांहीं सांगितलें नव्हतें.

उपदेशकांनीं हा पाठ रात्रीच्या प्रार्थनासभेंत घ्यावा. प्रे. कृत्यांचा अकरावा अध्याय मोठ्यानें वाचून लोकांस विचारावें कीं, अगब आज आपल्या चावडीवर उभा राहिला तर कोणत्या गांवच्या बांधवांविषयीं बोलेल, आणि आपल्या कणग्यांत काय आहे. उत्तर येईपर्यंत आपण बोलूं नये. पहिल्या दिवशीं कोणी बोलणार नाहीं. दुसऱ्या वेळीं पुन्हा विचारावें.

त्या वाडीवरील दोन घरें अद्याप पूर्वींसारखीं मोकळीं झालेलीं नाहींत. पुढच्या महिन्यांत तेथें प्रभुभोजन आहे. त्यापूर्वीं त्यांचा समेट व्हावा म्हणून वाचकांनीं प्रार्थना करावी.