झोपेतील श्वासरोध आणि दातांचे आरोग्य

गोदावरीकाठचा कोपरगाव तालुका हा उसाचा तालुका. गळीत हंगाम सुरू झाला की येथील साखर कारखाने रात्रंदिवस चालतात, कामगारांच्या पाळ्या बदलतात आणि रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. नगर-मनमाड मार्गावर वर्दळ असतेच. डिसेंबर २०२२ मध्ये तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्गही वाहतुकीस खुला झाला. अशा ठिकाणी चालकाचा क्षणभर लागलेला डोळाही प्राणावर बेतू शकतो. पुरेशी झोप घेऊनही दिवसा डुलक्या येत असतील, तर तो केवळ आळस नसून झोपेतील श्वासरोध, म्हणजेच स्लीप ॲप्निया, हा विकार असू शकतो.

विकाराचे स्वरूप

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात व जीभ मागे सरकते. काहींच्या बाबतीत त्यामुळे श्वासमार्ग पूर्ण बंद होतो. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. रुग्णास याची जाणीवही नसते. श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे असे प्रसंग तासाला पाच ते पंधरा असल्यास विकार सौम्य, पंधरा ते तीस असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजला जातो. उच्च रक्तदाब व हृदयविकाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण होय, हा समज म्हणूनच सोडून द्यावयास हवा.

दंतवैद्याचे साहाय्य

मागे असलेला खालचा जबडा, अरुंद टाळू, मोठी जीभ, झिजलेले दात या खुणा दंतवैद्याच्या नजरेस सहज येतात. त्यावरून संशय घेता येतो. निदान मात्र वैद्याच्या देखरेखीखालील निद्राचाचणीनेच होते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाबयुक्त हवा देणारे यंत्र प्रचारात आणले. तीव्र विकारात आजही तोच प्रथम उपाय मानला जातो. सौम्य व मध्यम विकारात, अथवा यंत्र सहन न झाल्यास, दंतसाधन उपयोगी पडते. रुग्णाच्या दातांचे माप घेऊन वरच्या व खालच्या दातांवर बसणारे साचे तयार करतात. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते व श्वासमार्ग मोकळा राहतो. या साधनास वीज लागत नाही व ते प्रवासातही नेता येते. प्रारंभी लाळ सुटणे, जबडा दुखणे असे त्रास होतात. कालांतराने दातांची ठेवण किंचित बदलू शकते. म्हणून नियमित तपासणी व साधन लावून पुन्हा निद्राचाचणी आवश्यक असते.

दात असतील तरच

हे साधन दातांच्या आधारावर उभे राहते. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे वा पडलेले असतील, तर ते बसविणे कठीण होते. मिश्री व तंबाखूमुळे हिरड्यांची हानी होते. सुपारी व गुटख्यामुळे तोंड उघडणे कमी होत जाते आणि दातांचे माप घेणेही अवघड होते. तरुणपणी राखलेले दात उतारवयातील झोपेसही उपकारक ठरतात, ते असे.

गावपातळीवरील कार्य

तोंडाने श्वास घेणारे, घोरणारे व वर्गात पेंगणारे मूल दिसल्यास शिक्षकांनी पालकांना सांगावे आणि शालेय आरोग्य तपासणीत ती बाब पथकाच्या निदर्शनास आणावी. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल हे एक प्रमुख कारण असल्याने प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. टाळू अरुंद असल्यास वाढीच्या वयात दंतोपचाराने तो रुंद करता येतो.

पंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी चालक व रात्रपाळीचे कामगार यांच्यासाठी दंत व रक्तदाब तपासणीचे शिबिर योजावे. शेजारच्या राहाता तालुक्यात लोणी येथे व संगमनेर येथे दंतमहाविद्यालये आहेत; त्यांचे साहाय्य मागता येईल. शिबिरात तीन प्रश्न अवश्य विचारावेत : मोठ्याने घोरता काय? झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिले आहे काय? दिवसा झोप अनावर होते काय? उत्तर होकारार्थी असल्यास त्या व्यक्तीस विनाविलंब वैद्याकडे पाठवावे. चालकाच्या बाबतीत तर ही तपासणी इतरांच्या प्राणरक्षणासाठीही आवश्यक आहे.