कबड्डीतील दांडगाई आणि शिक्षा

मैदानी खेळ म्हटला की थोडी धसमुसळ आलीच, असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणत असे. गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीजवळच्या एका गावी झालेल्या सामन्यात मी उजवा कोपरा सांभाळत होतो. चढाईपटूची मांडी माझ्या हाती लागली, मदतीला दोन गडी धावले. तो पुरता अडकला होता. तरीही मी त्याला उचलून आपटले. टाळ्या पडल्या, आम्हांला गुण मिळाला, ध्वनिक्षेपकावरून मला शंभर रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले. त्याचे मात्र खांद्याजवळचे हाड मोडले. मला साधी ताकीदही मिळाली नाही. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रसंगात आहे.

प्रथम नियम पाहू. चढाईपटूला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. मुद्दाम कपडे वा केस धरले, तर चढाईपटू नाबाद ठरतो. तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडणे, पायांची कैची घालणे, इजा करणारी दांडगाईची पकड करणे, हे सारे गैर आहे. त्यासाठी हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून ही कार्डे घरोघरी ओळखीची झाली आहेत. दोन मिनिटांची शिक्षा किरकोळ वाटेल. परंतु ३० सेकंदांची एक चढाई धरली तरी तेवढ्यात चार चढाया होतात, आणि सातांचा संघ सहांवर येतो.

म्हणजे नियमांची उणीव नाही. अडचण अशी की, गडी विव्हळत पडल्याखेरीज दांडगाई कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि पडला तरी ‘खेळात चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१८ साली असा नियम झाला की, डोके खाली घालून शिरस्त्राणाने प्रतिस्पर्ध्यावर धडक मारणे हाच गुन्हा. इजा होवो वा न होवो. माझ्या मते न्यायाचे मर्म येथे आहे. शिक्षा कृत्याला हवी; हाड मोडणे न मोडणे हा नशिबाचा भाग.

त्याच खेळातील न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघात प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करणाऱ्यास पैसे देण्याची प्रथा उघडकीस आली. २०१२ साली खेळाडूंवर घातलेली बंदी पुढे रद्द झाली. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना मात्र पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. आपल्याकडील बक्षीस पकडीसाठी असते, इजेसाठी नव्हे, हे खरे. पण आपटल्यावरच जाहीर झालेले बक्षीस नवख्या मुलाला काय शिकवते?

म्हणून सुचवावेसे वाटते की, आपल्या मंडळांनी पंचांचा निर्णय झाल्याशिवाय बक्षीस पुकारू नये, आणि चढाईपटू अडकल्यावर त्याला आपटणाऱ्यास, इजेची वाट न पाहता, कार्ड दाखवावे.

ते शंभर रुपये घेऊन मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने ते घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, “अरे, मी तर धरला गेलोच होतो ना?” या प्रश्नाला मजजवळ आजही उत्तर नाही.