घर आधी राहून बघ

चि. सौ. सायली हिस,


पुनावळ्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांतीचा मुहूर्तही ठरला, फार बरं वाटलं. सोबतचं इंटिरियरवाल्याचं कोटेशन नीट वाचलं. यात काटछाट कुठे करता येईल, असं तू विचारलं आहेस. मी जरा पुढे जाऊन सांगते. भिंतीच्या आतली कामं आणि मुलांच्या जिवाशी गाठ असलेली कामं आताच उरका. जमिनीवर उभं राहणारं जवळजवळ सगळं एक वर्ष थांबवा. साडेतीन वर्षांचा थोरला आणि सव्वा वर्षाची धाकटी ज्या घरात राहणार, त्या घरात मोकळ्या फरशीइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही, आणि या कोटेशनप्रमाणे तुम्ही ती वर पैसे मोजून घालवताय.

हॉल सोळा बाय दहाचा, म्हणजे १६० चौरस फूट. एल आकाराचा सोफा ३६ फूट खातो, टीव्ही युनिट ९, सेंटर टेबल ८, शू रॅक ३, आणि चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल, खुर्च्या मागे ओढायची जागा धरून, ३४. झाले ९०. उरलेले ७० फूट कागदावर बरे दिसतात, पण त्यात दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट आली, सोफा आणि टेबलामधला बोळ आला. सलग असं काही उरतच नाही. आता दुसऱ्या बाजूने बघ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यांना एका वेळी तासाभराहून अधिक अडकवून ठेवू नये, वर्षाच्या मुलाला टीव्ही-मोबाइलचा पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चारच्या मुलाला तासाभरावर नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे तीन तास तुमच्याकडे कुठे होणार? सोसायटीच्या बागेत संध्याकाळचा तासभर धर. जून ते सप्टेंबर तोही बेभरवशाचा, आणि एप्रिल-मेमध्ये पाचपर्यंत खाली उतरवत नाही. बाकीचं सगळं घरात. तिथे पळायला, लोळायला, ठोकळे मांडून पाडायला जागा नसेल तर मुलं सोफ्यावरून उड्या मारतात. उड्या थांबवायच्या म्हणून टीव्ही लागतो. पडद्याच्या सवयीचा विषय निघाला की आपण आईबापांच्या धाकाविषयी बोलत बसतो, माझ्या मते तिचं निम्मं मूळ हॉलच्या मांडणीत असतं.

नव्या घरात लहान मुलांचं काय करायचं, हा प्रश्न जुनाच आहे. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जुन्या चाळवजा इमारती दुरुस्त करून कुटुंबांना दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मुलं जिने आणि भिंती खराब करत, म्हणून मालक कंपनीनंच मुलांसाठी एक खोली काढली आणि ती चालवायला मारिया माँटेसोरींना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी पहिलं बालगृह सुरू झालं ते असं. तिथेही खेळण्या-शिकण्याचं साहित्य आधी मोठ्यांच्या सोयीनं कपाटात बंद असे. एकदा कपाट उघडं राहिलं, मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू स्वतः काढून घेतली आणि काम करत बसली. ते पाहून मग मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं आली. आधी मुलं पाहिली, नंतर फर्निचर केलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यावरच्या अंगणात मुलं जमवत, तेव्हा साहित्य म्हणजे दगड, पानं, बिया. टेबल-खुर्चीवाचून कुणाचं अडलं नाही. तुझा इंटिरियरवाला मात्र तुझी मुलं न पाहताच ‘किड्स रूम’चं चित्र काढून मोकळा झाला आहे. त्यातला मोटारीच्या आकाराचा पलंग दोन वर्षांत थोरल्याला आखूड पडेल, हे त्यालाही ठाऊक असणार.

थांबण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मुलांपुरतं नाही. नवं घर एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. नैर्ऋत्येचा पाऊस कोणत्या खिडकीतून आत झोडपतो, पश्चिमेची कोणती भिंत मे महिन्यात रात्री अकरापर्यंत तापलेली राहते, हे नकाशात नसतं. ओल येणार असेल तर बहुधा पहिल्याच पावसाळ्यात डोकं वर काढते. त्या भिंतीला तुम्ही आधीच जमिनीपासून छतापर्यंत वॉर्डरोब ठोकलेला असेल, तर ती दिसेल कधी? कपड्यांना बुरशी आल्यावर. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दोष दिसायला भिंत दिसली पाहिजे, आणि तिच्यात तुमच्या सुताराचे खिळे असले की तुमच्याच कामामुळे झालं म्हणायला बिल्डर मोकळा. शिवाय प्लाय, एमडीएफ आणि त्यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. ते सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, आणि उष्ण, दमट हवेत आणखी जास्त. एकाच महिन्यात तीन खोल्यांचं नवं काम करून, खिडक्या बंद ठेवून, एसी लावून रांगतं मूल तिथे झोपवायचं, हे मला पटत नाही. ई-झिरो प्लाय वापरू, असं इंटिरियरवाला म्हणेल. जरूर वापरावा, पण त्यातून सुटणारं कमी असतं, शून्य नव्हे.

आता तुमच्या शंका. दर वाढतील आणि राहत्या घरात सुतारकाम म्हणजे धूळ, ही जावईबापूंची अडचण खोटी नाही, त्यातही धुळीची जास्त खरी. म्हणूनच फोडाफोडीची कामं आता करा म्हणते: जादा वायरिंग, एसीचे पॉइंट, नळ, ओटा आणि त्याखालच्या ट्रॉल्या. वर्षानं जे करायचं ते कारखान्यात कापून आणून जोडण्यासारखं निवडा. दोन दिवस मुलांना आजोळी ठेवलं की भागतं. दर वाढतील, पण यादीतल्या कितीतरी वस्तू तोवर नकोशाच झालेल्या असतील, तो वजावटीचा हिशेबही त्यांना मांडायला सांग. आल्यागेल्याला बसायला काय, लोक काय म्हणतील, ही शंका सासूबाईंची. त्यातल्या ‘लोक काय म्हणतील’ला मी उत्तर देत नाही. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला गादीवर बस म्हणणं हा अन्याय आहे, तेव्हा हात असलेल्या दोन चांगल्या, उंच खुर्च्या पहिल्याच दिवशी घ्या. बाकीच्यांसाठी भिंतीलगत भारतीय बैठक घाला: नऊ-दहा इंच उंचीची, गादी, दोन लोड, वर धुता येईल असा चादरीचा अभ्रा. धाकटी तिच्यावर आपली आपण चढेल, उलटी होऊन पाय आधी खाली सोडत उतरेल, आणि पडलीच तर दहा इंचांवरून पडेल. जेवण वर्षभर पाटावर, नाहीतर घडीच्या टेबलावर. थोरला भिंती रंगवणार हे धरूनच चाला. एका भिंतीवर त्याच्या उंचीपर्यंत काळा फळा रंगवून द्या आणि बाकी भिंतींना धुता येणारा रंग लावा.

ज्यात एक दिवसही थांबायचं नाही त्याकडे कोटेशनमध्ये लक्षच दिलेलं नाही. गॅलरीच्या कठड्याला आडवे पाइप आहेत. लहान मुलासाठी ती शिडीच. आत उभ्या गजांची जाळी लावून घ्या, दोन गजांत चार इंचांहून कमी अंतर ठेवून, आणि कठड्याजवळ कुंडी, स्टूल, वॉशिंग मशीन काहीच नको. बेडरूमच्या खिडकीखाली पलंग दाखवला आहे, तो समोरच्या भिंतीला न्या. ग्रिल सगळ्या खिडक्यांना, पण आगीच्या वेळी बाहेर पडण्यापुरती एक झडप आतून उघडणारी हवी. मेन बोर्डात शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते वायरमनला विचार आणि टेस्टचं बटण तुझ्यासमोर दाबून घे. बाथरूमच्या दाराला बाहेरून उंचावर कडी लावा. रात्री पाणी जातं म्हणून तुम्ही बादल्या भरून ठेवणार, आणि सव्वा वर्षाच्या मुलाला बुडायला अर्धी बादलीही पुरते. टीव्ही आणि उंच कपाट जे काही जुन्या घरातून येईल ते भिंतीला स्क्रूनं बांधा.

तेव्हा कोटेशनमधलं फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, सोफा, सेंटर टेबल, डायनिंग टेबल, वॉर्डरोब आणि किड्स रूम या ओळी खोडून इंटिरियरवाल्याकडून नवं मागव, आणि ॲडव्हान्स भिंतीतल्या कामापुरताच दे. वास्तुशांतीला खुर्च्या मंडपवाला भाड्यानं देतो. मी आदल्या दिवशी येते. सतरंज्या माझ्याकडे आहेत, विकत आणू नकोस.

तुझी,
आत्या