वाकळ शिवताना : टाका आणि पोत
साताऱ्या-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते आणि ते थर धरून ठेवतो तो धावदोरा. शिकताना तीन गोष्टी सांभाळा.

१) जुनी, धुतलेली सुती लुगडी घ्या. सुई सहज जाते. कोरं कापड धुतल्यावर आटतं आणि वाकळ गोळा होते.

२) थर जमिनीवर अंथरा, सुरकुत्या काढा, मग लांब कच्चे टाके घाला.

३) दोन-दोन बोटांवर ओळी घाला. दोरा ओढला तर चुण्या पडतात, सैल सोडला तर थर सरकतात.

टाका बारीक नसला तरी चालेल, पण सारखा हवा. त्यानेच ओळींमध्ये मऊ फुगवटा येतो. तोच वाकळेचा पोत! नीट शिवलं तर आजीचं लुगडं नातवंडांनाही पांघरायला मिळतं.