निळ्या फोटोला घाबरू नकोस

अगं, काल रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो मी चष्मा लावून, मोठा करून पाहिला. सगळीकडे निळंच निळं आणि मधे जांभळा डाग. खाली तू लिहिलंस, 'ताई, माझ्या कोरलना रंगच नाहीत वाटतं.' आहेत गं! टँकसमोर उभी राहिलीस की हिरवा, केशरी, गुलाबी दिसतो ना तुला? मग रंग आहेत. तुझ्या फोनला ते टिपता आले नाहीत, एवढंच.

असं का होतं ते आधी बघ, म्हणजे निम्मी भीती जाईल. आपल्या टँकवरचे दिवे मुद्दामच निळे असतात, साधारण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे. कोरलच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना तो उजेड मानवतो. शिवाय कोरलमधली काही प्रथिनं हा निळा उजेड घेतात आणि हिरवा, केशरी, लाल होऊन परत देतात. तुझ्या खालच्या दगडावर मशरूम कोरल पसरलंय ना, त्याच्याच भाऊबंदातल्या डिस्कोसोमामधलं लाल चमकणारं प्रथिन रशियन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जगासमोर आणलं. आज पेशींमध्ये काय चाललंय ते बघायला प्रयोगशाळांत ते वापरतात. आपला डोळा थोड्या वेळात निळ्याला सरावतो आणि बाकीचे रंग वेगळे काढतो. फोनला ते जमत नाही.

खरं सांगू का, नवा कॅमेरा घ्यायच्या आधी दिव्याकडे बघ. दिव्याच्या अ‍ॅपमध्ये निळा खाली आण, पांढरा वर कर, दहा-पंधरा मिनिटं फोटो काढ आणि सगळं पुन्हा होतं तसं ठेव. चांगलं दिसतं म्हणून पांढरा दिवसचे दिवस वाढवून ठेवू नकोस, शेवाळ माजेल आणि कोरलही बिथरतील. तरी निळं राहिलं तर फोनला लावायचा केशरी फिल्टर मिळतो, तो घे. भावाचा मोठा कॅमेरा मिळाला तर व्हाइट बॅलन्स हाताने वर ने. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १०,००० केल्विनला थांबतो आणि आपला उजेड त्याच्याही पलीकडचा असतो, म्हणून रॉ फाइल काढ आणि उरलेला निळा नंतर काढून टाक. फ्लॅश मात्र बंद. त्याच्या पांढऱ्या झोतात सगळी चमक मरते आणि हौसेने आणलेलं कोरल तपकिरी दिसतं.

आता काच. बाहेरून जुन्या मलमलच्या फडक्याने, नुसत्या पाण्याने पूस. स्वयंपाकघरातला काचेचा स्प्रे टँकजवळ आणायचा नाही. आतून चुंबकाने घास, पण वाळूच्या जवळ हात जपून फिरव. माझ्याकडून एकदा घाई झाली, वाळूचा एक कण चुंबकाखाली अडकला आणि वीतभर ओरखडा उठला. आजही डावीकडचा फोटो काढताना तो मधे येतो आणि मला वाईट वाटतं. मग पडदे ओढ, टीव्ही बंद कर. संक्रांतीची काळी साडी कपाटात पडून असते ना, ती खांद्यावरून घे. पांढरा कुर्ता घालून उभी राहिलीस की काचेत कोरलपेक्षा तूच जास्त दिसतेस. फोन काचेला सरळ टेकव. तिरका धरलास की जाड काच आणि पाणी मिळून कडा फाटल्यासारख्या दिसतात. पडद्यावर कोरलवर बोट दाबून फोकस धरून ठेव आणि तिथेच फोटोचा उजेड थोडा खाली ओढ, नाहीतर चमकता हिरवा नुसता पांढरा होतो.

पंपांचं मात्र नीट ऐक. वेव्हमेकर बंद केल्याशिवाय टॉर्च कोरलच्या बोटांचा स्वच्छ फोटो येत नाही, ती सारखी डुलत असतात. रिटर्न पंपही बंद करायचा, पण आधी बघ की वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा खालच्या टाकीत, सम्पमध्ये, आहे. पाच मिनिटं थांब, कण खाली बसू देत. खाऊ घालून झालं असेल तर दोन-तीन तासांनीच ये. आणि बंद करण्याच्या *आधी* फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लाव. मी लावला नव्हता. आईचा फोन आला, बोलत बोलत कुकर लावला आणि दोन तासांनी आठवलं, तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. वाचले सगळे, पण ती संध्याकाळ मी विसरलेले नाही.

पाणी स्थिर आहे तोवर वरूनही दोन फोटो काढ. कोरल उजेडाकडे तोंड करून वाढतं, त्याचे खरे रंग वरूनच दिसतात. सपाट तळाचा पारदर्शक डबा पाण्यावर टेकवून त्यातून बघितलंस की लहरी आड येत नाहीत. फोनची दोरी मनगटात अडकव. आणि झोआंथिड 'जरा इकडे घेते' म्हणून उघड्या हाताने उचलू नकोस. त्यांच्यातल्या काहींत फार जहाल विष असतं. हातमोजे घाल, डोळ्यांना हात लावू नकोस.

बाकीच्यांचे झगमगते फोटो बघून हिरमुसतेस ना? त्यातल्या कितीकांनी रंग बटणाने वाढवलेले असतात. तू फोन टँकशेजारी धर, दोन्हीकडे बघ आणि दोन्ही सारखे दिसले की थांब.

आणि हो, भारतात गेलीस की मालवणच्या आत्या विचारतील, आमच्या किल्ल्याजवळचं प्रवाळ नाही का नेत? नाही न्यायचं. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंक्तीला. इथे न्यू जर्सीतही टँकमध्येच वाढवलेले फ्रॅग, म्हणजे कोरलचे तुकडे, माग, दुकानदाराला तसं स्पष्ट विचार.

मी फोटोंचा एवढा आग्रह का धरतेय सांगू? गेल्या वर्षी माझं हॅमर कोरल रोज डोळ्यांसमोर होतं आणि मला काहीही वेगळं वाटत नव्हतं. एका रविवारी तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला, तर बुडाशी नखाएवढी पांढरी कड उघडी पडलेली. पाणी तपासलं, अल्कलिनिटी घसरलेली होती. हळूहळू वर आणली आणि मांस मागे सरकायचं थांबलं. रोज बघणाऱ्या डोळ्याला जे दिसलं नाही, ते त्या दोन साध्या फोटोंनी दाखवलं.

म्हणून बघ, या रविवारी खुर्ची कुठे ठेवायची तिथे जमिनीवर चिकटपट्टी लाव. दिव्याचे आकडे वहीत लिही. एकच कोपरा, एकच कोरल. निळा आला तरी मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.