कालव्याच्या वाटेनें कार्कासोन

दक्षिण फ्रान्समध्यें तुलूझ शहरापासून भूमध्यसमुद्रालगतच्या खाजणापर्यंत सुमारें २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे. त्यास ‘कानाल द्यु मिदी’, म्हणजे ‘दक्षिणेचा कालवा’, असें म्हणतात. पिएर-पॉल रिके नामक मिठावरील कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यानें १६६६ सालीं चौदाव्या लुई राजाच्या आज्ञेनें हें काम हातीं घेतलें. स्वतःचें द्रव्यही त्यानें त्यांत ओतलें. परंतु १६८१ सालीं कालवा खुला झाला, तेव्हां तो पाहण्यास रिके हयात नव्हता.

या कालव्यानें आम्ही नावेंतून कार्कासोन या पुरातन नगरास गेलों. ताशीं ८ किलोमीटरांहून अधिक वेगास येथें मनाई असल्यानें दोन्ही तीर निवांतपणें पाहतां येतात. जमिनीस उतार आला कीं दोन्ही टोकांस दरवाजे असलेली पाण्याची कोठी लागते. नाव भरलेल्या कोठींत शिरली कीं मागचा दरवाजा लावतात व पुढच्या दरवाजांतील झडपा उघडतात. पाणी ओसरेल तसतशी नाव खालीं जाते, आणि पुढील पाण्याशीं तिची पातळी जुळली म्हणजे पुढचा दरवाजा उघडण्यांत येतो. या कोठ्यांच्या भिंती रिकेनें बाकदार बांधविल्या. कारण कमानीसारखी वांकलेली भिंत मातीचा दाब अधिक सोसते.

नाव कार्कासोनच्या बंदरांत लागली. परंतु हें बंदर रिकेच्या वेळचें नव्हे. कालवा होत असतां खर्चाचा वांटा देण्यास नगरानें नकार दिला. म्हणून रिकेनें तो नगरास वगळून नेला. पुढें शंभराहून अधिक वर्षें व्यापाराच्या नावा दुरूनच जात राहिल्या. अखेर नवा फांटा खणून १८१० सालीं कालवा नगराजवळ आणावा लागला.

बंदरापासून चालत, ओद नदीवरील जुना पूल ओलांडून आम्ही टेंकडीवरील किल्ल्यांत गेलों. त्यास दुहेरी तट असून बुरूज ५२ आहेत. आंतील तटाच्या कांहीं भागांत दगडांच्या थरांमधून तांबड्या विटांच्या ओळी दिसतात. ती रोमन काळची खूण होय. १२०९ सालीं कॅथर पंथाविरुद्ध निघालेल्या धर्मयुद्धाच्या सैन्यानें येथें वेढा घातला. ऐन उन्हाळ्यांत पाण्याच्या अभावीं नगर शरण गेलें. त्याचा तरुण अधिपति त्याच वर्षीं कैदेंत मरण पावला. बाहेरील तट त्यानंतर फ्रान्सच्या राजांनीं उभारला.

१६५९ च्या तहानें स्पेनची सरहद्द दक्षिणेकडे सरकली व किल्ला निरुपयोगी ठरला. लोक तटाचे दगड घरांसाठीं नेऊं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर सरकारनें तो मोडीत काढण्याचें ठरविलें. तेव्हां क्रो-मेव्हिएय या स्थानिक इतिहासप्रेमी गृहस्थानें व प्रॉस्पेर मेरिमे या लेखकानें आवाज उठविला. तो व्यर्थ गेला नाहीं. १८५३ पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदानें जीर्णोद्धार आरंभिला. बुरुजांवर त्यानें घातलेलीं निमुळतीं पाटीच्या दगडाचीं छपरें या प्रांतास शोभत नाहींत, असा आक्षेप अनेकांनीं घेतला. पण किल्ला वांचला, हें खरें.

आज कालवा (१९९६) व किल्ला (१९९७) दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहेत. ज्या कालव्यासाठीं नगरानें पैसा दिला नाहीं आणि ज्या तटाचे दगड लोकांनीं घरांसाठीं नेले, तींच दोन पाहण्यास आज जगभरचे लोक तेथें येतात. आपल्या गांवींचा पडका बुरूज किंवा जुना तलाव पाहतांना बालवाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, व वडील मंडळींनींही.