पाण्याशी भांडू नका

गेली बारा वर्षे मी सायकल चालवतो. रविवारी पहाटे जळगावहून निघायचे, अजिंठा लेण्यांपर्यंत जायचे आणि परत यायचे, हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा फेरा आता अंगवळणी पडला आहे. त्यामुळे सायकलवाल्या मित्रांनी ट्रायथलॉनचा विषय काढला तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, तेही न थांबता एकापाठोपाठ. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ तेथे आहे. त्यात दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. २०१९ साली गोव्यात मिरामार किनाऱ्यावर याहून लांब पल्ल्याची स्पर्धा झाली. तीत पोहणेच १.९ किलोमीटर होते. नवशिक्यांसाठी ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर असा छोटा प्रकार असतो. मी तो निवडला. अडचण एकच होती. मला पोहता येत नव्हते.

हे सांगायला लाज वाटते, कारण मी डॉक्टर आहे. दर पावसाळ्यात नदीत, विहिरीत बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. स्वतः मात्र पाण्यापासून लांब राहिलो. लहानपणी गावच्या विहिरीवर पोरे कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकत. माझा भोपळा सुटला, नाकातोंडात पाणी गेले. चुलतभावाने केसांना धरून वर ओढले. त्यानंतर चाळीस वर्षे मी विहिरीची पायरी उतरलो नाही.

तरणतलावावर पहिल्या दिवशी सगळा जोर लावून हातपाय मारले. जेमतेम दहा मीटर गेलो असेन. एवढा दम मला कुठल्याही चढावर लागला नव्हता. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही श्वास सोडतच नाही. आणि पाण्यात सायकल मारताय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आधी श्वासाचे पाहू. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो. अंगात प्राणवायू पुरेसा असतो, पण कार्बन डायॉक्साइड साठत जातो आणि त्यामुळेच जीव गुदमरतो. मग डोके वर काढून घाईने हवा घेण्याची धडपड सुरू होते. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट दाट. अशा आडव्यातिडव्या अंगाला ते अडवणारच. जितका जोर जास्त, तितका दम जास्त.

आता पाय. सायकलवर गुडघा वाकवून रेटा द्यायचा असतो आणि घोटा फारसा हलत नाही. पाण्यात याच्या उलट. पाय कमरेपासून हलवायचा, गुडघा जवळजवळ सरळ, घोटा सैल. सायकलपटूचे घोटे आखडलेले असतात, म्हणून मी रोज पाच मिनिटे घोट्यांचे ताण देऊ लागलो.

शिकणाऱ्यांनी हा क्रम धरावा. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चेहरा बुडवावा आणि नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडावेत. ते जमल्यावर कठडा धरून अंग तरंगवावे, मग पाय मारावेत. हात सर्वांत शेवटी. चेहरा कुशीला वळवून श्वास घ्यावा, पुढे डोके उचलून नव्हे. मला नुसत्या बुडबुड्यांनाच आठ दिवस लागले. तिसऱ्या आठवड्यात २५ मीटर झाले. तीन महिन्यांनी न थांबता ४०० मीटर जमले. स्पर्धा अजून पुढे आहे.

काही पथ्ये अवश्य पाळा. हृदयविकार, फिट येणे, दमा किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन पाण्यात उतरू नका. पोटरीत गोळा आल्यास उताणे तरंगून पायाचा पंजा आपल्याकडे ओढा. बुडी मारण्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेऊ नका. त्याने गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. पोहणे कितीही येत असले तरी एकटे जाऊ नका. तलावात जमले म्हणून पुराच्या नदीत उतरू नका.

कोणी बुडत असेल तर पोहणे कच्चे असताना मागे उडी टाकू नका. दोर, बांबू, धोतर, साडी, जे हाती येईल ते त्याच्याकडे फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबणे सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा.

सायकलने मला जोर लावायला शिकवले. पाण्याने तो सोडायला शिकवले, आणि हे शिकायला चाळिशी उलटली तरी चालते. तरीही मुलांना तेवढी वाट पाहायला लावू नका. माझी नऊ वर्षांची मुलगी आता माझ्याबरोबर येते. तिचे बुडबुडे दोन दिवसांत जमले.